दूध येण्याआधीची दुग्धग्रंथी

प्राणिशास्त्राच्या शालेय पुस्तकांत सस्तन प्राण्यांची लक्षणे सांगताना अंगावरचे केस, उष्ण रक्त, बाहेर दिसणारी कानाची पाळी, पिलांना जन्म देणे आणि त्यांना दूध पाजणे ही पाचही बहुधा एकाच ओळीत येतात आणि वाचणाऱ्याला ती सारख्याच मोलाची वाटतात. ती तशी नाहीत. उष्ण रक्त, म्हणजे भोवतालची हवा कशीही असली तरी शरीराचे तापमान टिकवून धरण्याची क्षमता, पक्ष्यांतही असते. कानाची पाळी देवमाशाला आणि डॉल्फिनला नसते. जिवंत पिलांना जन्म घोणसही देते आणि शार्कच्या अनेक जातीही देतात, तर प्लॅटिपस सस्तन असूनही अंडी घालतो. केसांचे लक्षण त्या मानाने टिकाऊ आहे, पण डॉल्फिनच्या बहुतेक जातींत तेही जन्माच्या सुमारास मुस्कटावर दिसणाऱ्या मोजक्या केसांपुरतेच उरते. अपवाद नसलेले ठळक लक्षण मादीच्या त्वचेखालील दुग्धग्रंथी हेच होय. आज ज्ञात असलेल्या सुमारे साडेसहा हजार सस्तन जातींपैकी एकाही जातीची मादी या ग्रंथीवाचून नाही, आणि सस्तनांच्या बाहेर कोणत्याही प्राण्यात ही ग्रंथी सापडलेली नाही.

कोणत्या प्राण्यांना दुग्धग्रंथी असते या प्रश्नाचे उत्तर इतके सोपे असले, तरी ती त्यांनाच का असते हा प्रश्न सोपा नाही, आणि त्याचे रूढ उत्तर चुकीच्या टोकापासून सुरू होते. रूढ समजानुसार आधी पिलांना जन्म देणारी माता आली, मग त्या असहाय पिलांना अन्न हवे म्हणून स्तन आले आणि स्तनांत दूध आले. उपलब्ध पुरावा नेमका उलटा क्रम सुचवतो. ग्रंथी सर्वांत जुनी आहे. तिचा स्राव अंड्यांच्या काळातला आहे. त्या स्रावाचे पहिले काम बहुधा ओलावा देणे आणि जंतूंना अटकाव करणे हे होते. पोषण नंतर आले, जिवंत पिलांचा जन्म त्याहून नंतर, आणि स्तनाग्र तर सर्वांत शेवटच्या टप्प्यांपैकी एका टप्प्यावर. हा क्रम मान्य केला तर दूध म्हणजे केवळ अन्न ही समजूत अपुरी ठरते, आणि त्या समजुतीवर उभ्या असलेल्या काही व्यवहारांकडेही नव्याने पाहावे लागते.

या वर्गाला दुधावरून ओळखण्याची पद्धत तशी अलीकडची आहे. डॉल्फिनची मादी पिलाला दूध पाजते हे ॲरिस्टॉटलला ठाऊक होते आणि त्याने ते नोंदवूनही ठेवले होते, पण वर्गीकरणाचा आधार म्हणून त्या निरीक्षणाचा उपयोग व्हायला दोन हजार वर्षे लागली. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ साली ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत ‘चतुष्पाद’ हे आपलेच जुने नाव टाकून दिले, स्तनांवरून घडवलेले ‘मॅमेलिया’ हे नाव स्वीकारले, आणि पूर्वी माशांत घातलेल्या देवमाशांना व डॉल्फिनना या वर्गात आणले. विज्ञानाच्या इतिहासकार लोंडा शीबिंगर यांनी १९९३ मध्ये असे दाखवून दिले की ही निवड निव्वळ शरीररचनेच्या अभ्यासातून झालेली नव्हती. लिनियसला केसांवरून किंवा कानातील हाडांवरूनही नाव देता आले असते. वर्गातले निम्मे सदस्य नर असतात आणि त्यांची ग्रंथी दूध देत नाही, माद्यांचीही आयुष्याच्या काही काळापुरतीच देते. पण लिनियस स्वतः वैद्य होता, आणि श्रीमंत घरांतील मुले दूधआयांकडे सोपवण्याच्या त्या काळच्या युरोपीय प्रथेविरुद्ध त्याने १७५२ मध्ये एक प्रबंधही लिहिला होता. मातेने स्वतः मुलाला पाजावे हा त्याचा आग्रह वर्गाच्या नावात उतरला, असे शीबिंगर यांचे म्हणणे आहे.

हे म्हणणे पटण्याजोगे आहे, परंतु त्यावरून ती निवड शास्त्रदृष्ट्या डळमळीत होती असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. हेतू सामाजिक असूनही निवडलेले लक्षण खोलवरचे निघू शकते, आणि इथे तसे झाले. लिनियसला जनुकांची कल्पना नव्हती, उत्क्रांतीची नव्हती, आणि त्याच्या लक्षणाची सर्वांत कठीण परीक्षा घेणारा प्राणी त्याच्या हयातीत युरोपला माहीतही नव्हता.

तो प्राणी म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातील नद्यांकाठी राहणारा प्लॅटिपस. बदकासारखी चोच, बीव्हरसारखी शेपटी आणि मऊ दाट लव असलेल्या या प्राण्याचे कातडे लंडनला पोचले तेव्हा त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन करणाऱ्या जॉर्ज शॉ याला १७९९ मध्ये हे कोणीतरी दोन प्राणी शिवून केलेले कृत्रिम सोंग असावे अशी शंका आली होती. लवेवरून हा सस्तन वाटत होता, पण त्याच्या मादीला स्तनाग्रे दिसत नव्हती. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान मेकेल याने १८२४ मध्ये मादीच्या पोटाच्या त्वचेखाली मोठ्या ग्रंथी असल्याचे जाहीर केले आणि त्या दुग्धग्रंथीच आहेत असे प्रतिपादन केले. फ्रान्समधील एत्येन जोफ्रुआ सँतिलेर याने ते अमान्य केले. स्तनाग्र नाही, पिलाच्या चोचीला चोखता येणार नाही, तेव्हा या ग्रंथी चिचुंद्रीच्या अंगावरील गंधग्रंथींसारख्या काहीतरी असाव्यात, आणि हा प्राणी सस्तनांहून वेगळ्याच वर्गात घालावा, असे त्याचे मत होते. इंग्लंडच्या रिचर्ड ओवेनने १८३२ मध्ये या ग्रंथींचा बारकाईने अभ्यास करून मेकेलचा पक्ष उचलून धरला, पण अंडी मातेच्या पोटातच फुटून पिले बाहेर येत असावीत, असे तो मानत राहिला.

या वादात आजच्या वाचकाने लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही पक्षांनी एक गृहीतक न बोलता मान्य केलेले होते, ते असे की दूध पाजणारा प्राणी बाहेर अंडी घालणार नाही आणि अंडी घालणारा दूध पाजणार नाही. ज्यांना दूध दिसले त्यांनी अंडी नाकारली, ज्यांना अंड्यांची खात्री वाटली त्यांनी दूध नाकारले. ऑस्ट्रेलियातील आदिवासींना या प्राण्याच्या सवयी पिढ्यानपिढ्या माहीत होत्या, परंतु त्यांचे सांगणे पुरावा म्हणून धरले गेले नाही. अखेर १८८४ मध्ये विल्यम कॅल्डवेल या तरुण ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने क्वीन्सलँडमधील बर्नेट नदीकाठी, तिथल्याच आदिवासींच्या मदतीने, अंडी घालणारी प्लॅटिपस मादी मिळवली आणि तारेने ही बातमी माँट्रियल येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेला कळवली. त्याच सुमारास विल्हेल्म हाके याने ॲडलेडमध्ये एकिडना या काटेरी सोयऱ्याच्या पिशवीत अंडे सापडल्याचे सांगितले. साठ वर्षांचा वाद असा मिटला की दोन्ही पक्षांचे होकार बरोबर ठरले आणि दोन्ही पक्षांचे नकार चुकीचे.

प्लॅटिपसची एक जात आणि एकिडनाच्या चार, अशा अंडी घालणाऱ्या सस्तनांच्या फक्त पाच जाती आज उरल्या आहेत, पण दुग्धग्रंथीचा इतिहास उलगडण्यासाठी या पाचांचे मोल उरलेल्या हजारोंपेक्षा अधिक आहे. यांच्या मादीच्या पोटावर केसांनी झाकलेले दोन लहान पट्टे असतात. ग्रंथीच्या शंभराहून अधिक बारीक नळ्या तिथे स्वतंत्रपणे उघडतात, प्रत्येक नळीजवळ एक केस असतो, आणि पाझरलेले दूध पिलू त्या ओल्या त्वचेवरून आणि केसांवरून चाटून वा ओढून घेते. दुग्धग्रंथी म्हणजे मुळात केसाच्या मुळाशी असणारी त्वचेची ग्रंथी, हे येथे उघड्या डोळ्यांनी दिसते. सस्तनांच्या त्वचेत घामाच्या दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात: एक तऱ्हा थेट त्वचेवर उघडते, तर दुसरी केसाच्या मुळाशी उघडते आणि पाण्याबरोबर काही प्रथिने व मेदही बाहेर टाकते. दुग्धग्रंथीची ठेवण या दुसऱ्या तऱ्हेशी जुळते. कांगारूच्या गोत्रात, म्हणजे अर्धवट वाढलेल्या पिलांना जन्म देणाऱ्या पिशवीधारी सस्तनांत, गर्भातील ग्रंथीच्या अंकुराबरोबर केसाचा अंकुरही दिसतो आणि पुढे नाहीसा होतो. माणसात आणि गाईत तो खुणेपुरताही राहत नाही.

त्वचेची एक साधी ग्रंथी दूध देण्यापर्यंत टप्प्याटप्प्याने कशी पोचली, हा प्रश्न चार्ल्स डार्विनला त्याचा टीकाकार सेंट जॉर्ज मिव्हार्ट याने १८७१ मध्ये विचारला होता. जवळजवळ पोषणहीन अशा स्रावाचा एखादा थेंब चाटून कोणत्याही पिलाचे प्राण कसे वाचले असतील, आणि प्राण वाचत नसतील तर निसर्गाच्या निवडीने ती ग्रंथी जपली का असेल, असा त्याचा मुद्दा होता. डार्विनने उत्क्रांतीवरील आपल्या ग्रंथाच्या १८७२ च्या आवृत्तीत उत्तर देताना पिशवीत पिले वाढवणाऱ्या समुद्रघोड्याचे उदाहरण घेतले आणि ज्या मातांचा स्राव थोडा अधिक पौष्टिक होता त्यांची पिले अधिक तगली असतील असे सुचवले. मिव्हार्टचा आक्षेप बळकट होता हे मान्य केले पाहिजे, कारण स्रावाचे काम पोषण हेच होते असे दोघांनीही धरून चालले होते. ते गृहीतक सोडले की आक्षेपाचा पायाच सुटतो.

अमेरिकी शास्त्रज्ञ ओलाव ऑफ्टेडाल यांनी २००२ पासून केलेली मांडणी नेमकी इथून सुरू होते. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी सस्तनांकडे येणारी शाखा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या व पक्ष्यांच्या शाखेपासून वेगळी झाली. पक्ष्यांच्या अंड्याला चुन्याचे टणक कवच असते आणि ते आतले पाणी बऱ्याच अंशी धरून ठेवते. सस्तनांच्या पूर्वजांची अंडी बहुधा पातळ चामड्यासारख्या कवचाची होती, आणि अशा कवचातून पाणी सहज उडून जाते. शरीर जसजसे उबदार होत गेले आणि माता अंडी उबवू लागली, तसतसा हा धोका वाढला असणार. उबेने वाढ वेगाने होते, पण त्याच उबेने अंडे सुकते आणि ओल राखावी तर कवचावर बुरशी व जिवाणू वाढतात. अशा स्थितीत मातेच्या पोटावरील त्वचेतून पाझरणारा, जंतूंना मारणारे घटक असलेला पातळ स्राव अंड्याला लागत राहणे हे पोषणाचा एक कणही नसताना फायद्याचे होते. नंतर त्याच स्रावातून क्षार आणि प्रथिने अंड्यात शिरणे, आणि त्यानंतर फुटलेल्या अंड्यातून आलेल्या पिलाने तो चाटणे, या दोन्ही पायऱ्या लहान लहान आहेत. त्वचेची ग्रंथी जीवाश्मांत टिकत नाही, त्यामुळे ही मांडणी डोळ्यांनी पडताळता येत नाही, परंतु तिच्या बाजूचे पुरावे वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि एकमेकांशी जुळतात.

पहिला पुरावा दुधाच्या रसायनातच आहे. अश्रूंत, लाळेत आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकात लायसोझाइम नावाचे एक प्रथिन असते, जे जिवाणूंची भिंत फोडते. दुधातील साखर, म्हणजे लॅक्टोज, तयार करण्यासाठी ग्रंथीला अल्फा-लॅक्टाल्ब्युमिन नावाचे प्रथिन लागते, आणि या प्रथिनाची घडण लायसोझाइमशी इतकी मिळतीजुळती आहे की एकाच्या जनुकाची जादा प्रत होऊन तिच्यातून दुसरे घडले यात शंका उरत नाही. जंतू मारणारे हत्यार साखर बनवण्याच्या कामाला लागले. केसीन, म्हणजे दह्याच्या कवडीला आणि पनीराला घट्टपणा देणारे प्रथिन, ज्या जनुककुलातून आले आहे त्याच कुलातील इतर जनुके दात आणि हाडे घडवताना चुन्याचे नियमन करतात. केसीनचेही मोठे काम कॅल्शियम आणि फॉस्फेट यांना गाठी होऊ न देता पातळ दुधात तरंगत ठेवणे हेच आहे.

दुसरा पुरावा अंड्याकडून येतो. पिवळा बलक बनवण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनाची कोंबडीत तीन जनुके असतात. स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की प्लॅटिपसमध्ये त्यांतले एक जनुक अजून चालू आहे, तर माणूस, कुत्रा, कांगारूचे सोयरे या सर्वांत ती तिन्ही मोडलेल्या अवस्थेत, निकामी अवशेष म्हणून, शिल्लक आहेत. केसीनची जनुके मात्र प्लॅटिपससह सर्व सस्तनांत आहेत. याचा अर्थ असा की दूध आधी समर्थ झाले, मग बलकाची गरज हळूहळू संपली आणि अंड्याची शिदोरी टाकून देता आली. पिलांना जन्म देण्याची रीत दुधाचे कारण नव्हती. दूध होते म्हणून ती रीत शक्य झाली.

तिसरा पुरावा दातांचा आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे दात आयुष्यभर पडत आणि येत राहतात. वीस कोटी वर्षांहून जुन्या मॉर्गन्यूकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या जीवाश्मांत मात्र दात एकदाच बदलल्याचे दिसते. जबडा लहान असताना दातांची गरजच पडत नसेल, तर ते उशिरा येऊन कमी वेळा बदलले तरी चालते, आणि तशी सवड फक्त दूध पिणाऱ्या पिलाला मिळते.

ग्रंथी एकच असली तरी तिची जागा आणि संख्या जातीगणिक बदलते. गर्भात काखेपासून जांघेपर्यंत दोन्ही बाजूंना त्वचेची एक जाड रेघ उठते, तिला दुग्धरेषा म्हणतात, आणि त्या रेषेचा कोणता भाग टिकतो यावर पुढचे सारे ठरते. माणसात, माकडांत, वटवाघळांत आणि हत्तिणीत छातीकडचा भाग टिकतो. गाय, म्हैस, शेळी, घोडी यांच्यात जांघेकडचा. डुकरिणीत आणि कुत्रीत जवळजवळ सबंध रेषा. गाईच्या कासेचे चार भाग एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात, म्हणून एका सडाला कासदाह, म्हणजे जंतूंमुळे होणारी सूज, झाली तरी बाकीचे तीन सड दूध देत राहतात. डॉल्फिनचे सड पोटाखालच्या दोन चिरांत दडलेले असतात आणि पाण्यात चोखणे कठीण असल्याने मादी स्नायूंच्या दाबाने दूध पिलाच्या तोंडात सोडते. कोकणात आढळणारे खवले मांजर दात नसलेले आणि खवल्यांनी मढलेले असल्यामुळे पाहणाऱ्याला सरड्याच्या कुळातले वाटते, पण त्याच्या मादीच्या छातीवरचे दोन सड त्याचे कूळ स्पष्ट सांगतात. नालमुखी वटवाघळांच्या माद्यांना तर जांघेजवळ आणखी दोन खोटी स्तनाग्रे असतात, ज्यांतून दूध येत नाही आणि उडताना पिलू फक्त त्यांना धरून लटकते. स्तनाग्र हा भाग ग्रंथीपासून किती स्वतंत्रपणे बदलू शकतो याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

नरांचे काय, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. बहुतेक सस्तन नरांत ग्रंथीचा अंकुर असतो आणि तो वाढत नाही. उंदराच्या नर गर्भात पुरुषी संप्रेरक, म्हणजे रक्तातून जाऊन दूरच्या अवयवाला आज्ञा देणारे द्रव्य, तो अंकुर नष्टच करते, म्हणून नर उंदराला स्तनाग्रे नसतात. टॅमर वॉलबी या लहान कांगारूच्या नरात तर मुळात अंकुरच उठत नाही. दुसऱ्या टोकाला, मलेशियातील डायाक फलाहारी वटवाघळाच्या रानटी नरांच्या ग्रंथींत दूध आढळल्याची नोंद १९९४ मध्ये झाली. ते नर पिलांना पाजतात असे मात्र दिसलेले नाही. म्हणून ‘सस्तन म्हणजे ज्याला स्तन आहेत तो’ ही व्याख्या नरांपाशी आणि प्लॅटिपसपाशी अडखळते, तर ‘ज्याच्या पूर्वज मातांत ही ग्रंथी घडली त्या कुळातला’ ही व्याख्या कुठेच अडखळत नाही.

याच निकषावर दुधासारखे स्राव देणाऱ्या इतर प्राण्यांचा निकाल लागतो, आणि तो लावणे आवश्यक आहे, कारण गेल्या काही वर्षांत अशा स्रावांचे शोध वाढत आहेत. कबुतराचे नर आणि मादी दोघेही गळ्यातील खाद्यपिशवीच्या अस्तरातून सुटलेल्या, मेद व प्रथिनांनी भरलेल्या पेशी पिलांना भरवतात. रोहित पक्षीही असेच करतो. मादी कोळी आपल्या प्रजननछिद्राजवळून पाझरणारा पौष्टिक द्रव पिलांना पाजते असे चीनमधील एका उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या जातीत २०१८ मध्ये आढळले. सह्याद्रीतही ज्याचे सोयरे राहतात त्या देवगांडुळाच्या, म्हणजे पाय नसलेल्या उभयचराच्या, ब्राझीलमधील एका जातीत मादी अंडवाहिनीतला मेदयुक्त स्राव गुदद्वाराजवळच्या छिद्रातून पिलांना देते, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. यांना दूध म्हणण्यास हरकत नाही, पण यांची इंद्रिये दुग्धग्रंथी नव्हेत. प्राणिशास्त्र एकाच मूळ अवयवापासून आलेल्या अवयवांना समजात म्हणते आणि मूळ वेगळे असून काम सारखे असलेल्यांना कार्यसदृश म्हणते. वटवाघळाचा पंख आणि माणसाचा हात समजात आहेत, वटवाघळाचा पंख आणि फुलपाखराचा पंख कार्यसदृश. पिलाला शरीरातून अन्न देण्याची गरज अनेक कुळांना पडली आणि प्रत्येकाने ती आपापल्या अवयवातून भागवली. त्वचेच्या ग्रंथीतून ती भागवून दुग्धग्रंथी घडवणे एकदाच घडले. तरीही नात्याचा एक धागा खोल आहे: गाईच्या ग्रंथीला दूध बनवण्याची आज्ञा देणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक कबुतराच्या गळ्यालाही तीच आज्ञा देते, आणि त्या संप्रेरकाची ओळख १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी कबुतरांवरच पटवली.

एकदा घडलेल्या या ग्रंथीने नंतर जी विविधता दाखवली ती थक्क करणारी आहे. उत्तर अटलांटिकच्या फुटत्या बर्फावर पिणाऱ्या हूडेड सीलच्या पिलाला दूध मिळते ते जेमतेम चार दिवस, पण त्या दुधात सुमारे ६० टक्के मेद असतो आणि तेवढ्यात पिलाचे वजन दुप्पट होते; गाईच्या दुधात मेद चार टक्क्यांच्या आसपास असतो. सशाची मादी दिवसातून एकदा, काही मिनिटेच पाजते. ओरांगउटानचे पिलू आठ वर्षांपर्यंत पिऊ शकते. फर सीलच्या दुधात लॅक्टोज जवळजवळ नसते, कारण ते बनवणारे प्रथिन या कुळात निकामी झाले आहे, आणि त्यामुळेच माता अनेक दिवस समुद्रात शिकारीला गेली तरी तिची ग्रंथी आटत नाही. कांगारूची मादी एका सडाला चिकटलेल्या एका ग्रॅमहून हलक्या नवजाताला पातळ दूध आणि शेजारच्या सडातून पिशवीबाहेर उड्या मारणाऱ्या मोठ्या पिलाला दाट, मेदाळ दूध एकाच वेळी देते. दोन्ही ग्रंथींना मिळणारे रक्त एकच, संप्रेरके तीच, तरी दूध वेगळे. म्हणजे प्रत्येक ग्रंथी आपापल्या काळाचा हिशेब स्वतः ठेवते.

एवढी विविधता असूनही मूळचे संरक्षणाचे काम या ग्रंथीने कुठेही सोडलेले नाही. प्लॅटिपसचे दूध उघड्या त्वचेवर पसरते आणि जंतूंच्या तोंडी पडते; त्यात जिवाणूंना मारणारे, इतरत्र न आढळणाऱ्या घडीचे एक प्रथिन असल्याचे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवले. मानवी दुधात लायसोझाइम आणि लोह बांधून ठेवून जिवाणूंची उपासमार करणारे लॅक्टोफेरिन भरपूर असते. त्याहून बोलका घटक म्हणजे लहान साखळ्यांच्या शंभराहून अधिक प्रकारच्या शर्करा, ज्यांचे एकूण प्रमाण मानवी दुधात जवळजवळ प्रथिनांइतके असते आणि ज्या बाळाला स्वतःला पचतच नाहीत. त्या पचवतात ते बाळाच्या आतड्यातील बिफिडोबॅक्टेरिया, ज्यांना आंरी तिसिए याने पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेतून वेगळे केले होते. मातेचे शरीर आपली शक्ती खर्चून बाळाऐवजी उपकारक जिवाणूंसाठी अन्न बनवते, ही गोष्ट दुधाला निव्वळ अन्न मानणाऱ्याला उधळपट्टी वाटेल. ग्रंथीचा इतिहास जाणणाऱ्याला त्यात अंड्याभोवतीच्या त्या पहिल्या स्रावाचेच काम चालू असलेले दिसेल.

दुधाला अन्न म्हणून मोजण्याची आधुनिक रीत एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्राने घालून दिली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग याने १८६० च्या दशकात मेद, प्रथिने आणि शर्करा यांचे प्रमाण मातेच्या दुधाशी जुळवून गव्हाचे पीठ, माल्ट, गाईचे दूध आणि थोडा क्षार यांचे मिश्रण बाळांसाठी तयार केले आणि ते मातेच्या दुधाची बरोबरी करते असे मानले. त्याच्या तराजूत जे मोजता येत होते ते त्याने प्रामाणिकपणे मोजले. जंतूंविरुद्धचे घटक त्या तराजूत येतच नव्हते. महाराष्ट्रातील दूध संकलन केंद्रांवर आजही गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे मेदाव्यतिरिक्तचे घन घटक, या मापावर ठरतो. विक्रीसाठी हे माप योग्यच आहे आणि त्याने शेतकऱ्याला न्याय्य भावाची मागणी करण्याचा आधारही मिळतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा गोठ्यातही दुधाकडे पाहण्याचे हे एकच माप उरते.

दुधाचे पोषणाचे काम आणि संरक्षणाचे काम यांतला फरक सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो तो व्यायल्यानंतरच्या पहिल्या दिवशी. माणसात वार, म्हणजे गर्भाला मातेशी जोडणारा अवयव, गर्भकाळातच मातेची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात पोचवते. प्रतिपिंडे म्हणजे पूर्वी भेटलेल्या जंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने. गाय, म्हैस, शेळी, घोडी आणि डुकरीण यांच्या वारेची ठेवण निराळी असते, मातेच्या आणि गर्भाच्या रक्तामध्ये अधिक थर असतात आणि प्रतिपिंडे पलीकडे जात नाहीत. वासरू किंवा पारडू जवळजवळ प्रतिपिंडांवाचूनच जन्मते, आणि ती सगळी त्याच्यासाठी चिकात साठवलेली असतात. चीक पिवळसर, दाट आणि प्रथिनांनी भरलेला असतो, त्यामुळेच तो वाफेवर थिजतो आणि घरोघरी त्याचा खरवस होतो. थिजणाऱ्या त्या प्रथिनांत प्रतिपिंडांचा वाटा फार मोठा असतो. चांगल्या दुभत्या गाईला वासराच्या गरजेहून अधिक चीक येतो, म्हणून खरवसाला दोष देण्याचे कारण नाही, परंतु पहिला हक्क वासराचा आहे आणि त्याला वेळेची मर्यादा आहे. जन्मल्यावर पहिल्या काही तासांतच, वासराच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतका चीक त्याच्या पोटात जावा असे पशुवैद्यक सांगतात, कारण नवजात वासराचे आतडे अखंड प्रतिपिंडे रक्तात सोडते ते साधारण चोवीस तासच, आणि ही क्षमता दर तासाला घटत जाते. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये अशी जी समजूत काही ठिकाणी आहे, तिच्यापायी यांतले सर्वांत मोलाचे तास जातात. दुसऱ्या दिवशी पाजलेला तोच चीक वासराच्या पोटात इतर प्रथिनांसारखा पचून जातो आणि त्यातली प्रतिपिंडे रक्तापर्यंत पोचत नाहीत.